वंशावळ रकान्यांत का मावत नाही?

कॉलेज प्रवेशाचे दिवस आले की बदनापूर तालुक्यात दाखल्यांची धावपळ सुरू होते. तांबोळी, अत्तार, पिंजारी अशा मुस्लिम ओबीसी घरांना जातीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. तो बहुधा दादा-परदादांच्या नावाचा असतो. म्हणून त्यांच्याशी आपलं नातं दाखवणारी वंशावळही लागते. ती लिहायला बसलं की घराघरांत वाद होतात. फुफी एक सांगते, चाचा दुसरंच.

यात कॉम्प्युटरचा काय संबंध, असं कुणी विचारेल. संबंध आहे.

समजा, एका घराने सगळी माणसं तक्त्यात भरली. एका ओळीत एक माणूस : क्रमांक, नाव, जन्मसाल, वडिलांचा क्रमांक, आईचा क्रमांक. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेला रिलेशनल डेटाबेस याच धर्तीचा. बँकेचं खातं, शाळेची फी, मशिदीच्या चंद्याचा हिशोब यांसाठी तो उत्तमच. तिथे उगाच नवं काही शोधू नये.

पण आपण विचारतो, "परदादाच्या भावाच्या नातवंडांपैकी दाखला कुणाकडे आहे?" आता क्रमांक बघा, ओळ शोधा, तिथून पुढचा क्रमांक, पुन्हा ओळ. तीन पिढ्या वर, मग दुसऱ्या फांदीने खाली. तक्त्यातूनही उत्तर निघतं, पण नातं जितकं लांबचं तितकी जोडाजोड वाढते.

त्यात आपल्याकडे चाचाच्या मुलीशी निकाह होतो. म्हणजे एकच बाई चुलत बहीणही आणि बायकोही! झाडाचं जाळं होतं. रजाअतचं, म्हणजे दुधाचं नातं तर आई-वडिलांच्या रकान्यात कुठेच बसत नाही. पण निकाह ठरवताना तेच आधी बघावं लागतं.

ग्राफ डेटाबेस इथे कामाला येतो. त्यात माणूस म्हणजे एक ठिपका आणि नातं म्हणजे दोन ठिपक्यांमधली रेघ. रेघेलाही नाव असतं : 'मुलगा', 'निकाह', 'दूध'. निकाहचं सालही त्या रेघेवरच लिहिता येतं. नवं नातं कळलं की एक रेघ वाढवायची, रकाने मोडायची गरज नाही. शोधताना कॉम्प्युटर रेघ धरून सरळ पुढच्या माणसाकडे जातो. २०१६ च्या पनामा पेपर्समध्ये सुमारे १ कोटी १५ लाख कागदपत्रं होती. त्यांतल्या कंपन्या आणि त्यांचे मालक यांचे धागे उलगडायला पत्रकारांनी 'निओ-फोर-जे' हा ग्राफ डेटाबेसच वापरला होता.

घरासाठी असं सॉफ्टवेअर घ्यायलाच हवं, असं आम्ही म्हणत नाही. चार्टपेपरवर ठिपके आणि रेघा काढल्या तरी निम्मं काम होतं. कचेरीत द्यायची वंशावळ वडिलांच्या बाजूने चालते, पण घरच्या कागदावर खाला, फुफी आणि नानीचंही घराणं येऊ द्या.

एक अडचण मात्र ग्राफलाही सुटत नाही. निजामाच्या काळातल्या उर्दू कागदावर 'शेख चाँद', शाळेच्या रजिस्टरात 'चाँदभाई'. हे दोघे एकच की वेगळे, हे कॉम्प्युटर सांगणार नाही. ती रेघ दादीला विचारूनच ओढावी लागते. आणि कुणी, कधी सांगितलं, तेही त्या रेघेवर लिहून ठेवावं.