अंतर किलोमीटरचे की तासांचे?

पुण्याहून नागपूर किती दूर, या साध्या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. १० ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झालेली वंदे भारत गाडी दौंड, मनमाड, भुसावळ, वर्धा असा वळसा घेत ८८१ किलोमीटर धावते आणि त्याला सुमारे बारा तास घेते. विमान मात्र सरळ जाते. ते सरळ अंतर किती, हे नकाशावरून आपणही काढू शकतो. कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी गणिताचा धसका घेण्याचे कारण नाही.

लोहगाव विमानतळ १८.५८ उत्तर अक्षांश व ७३.९२ पूर्व रेखांशावर आहे, तर नागपूरचा सोनेगाव विमानतळ २१.०९ व ७९.०५ वर. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. रेखावृत्ते ध्रुवाकडे एकमेकांजवळ येत असल्याने आपल्या भागात रेखांशाचा अंश सुमारे १०५ किलोमीटरच भरतो. म्हणजे नागपूर पुण्याच्या उत्तरेस २७९ आणि पूर्वेस ५३७ किलोमीटर. या दोन बाजूंच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण येतो सुमारे ६०५ किलोमीटर. हेच हवाई अंतर होय.

जेट विमान ताशी ८०० किलोमीटर वेगाने उडते. त्या हिशेबाने पाऊण तास पुरावा. पण वेळापत्रकात जवळजवळ दीड तास असतो. कारण पूर्ण वेग फक्त उंचावर, मधल्या टप्प्यातच मिळतो. धावपट्टीपर्यंत सरकणे, चढणे, उतरताना रांगेत थांबणे यांत बराच वेळ जातो. शिवाय लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ. तेथे नागरी विमानांना लष्करी उड्डाणांशी जुळवून घ्यावे लागते.

आता चिंचवडच्या प्रवाशाचा हिशेब मांडू. भोसरी, दिघी, विश्रांतवाडी या वाटेने विमानतळ गाठण्यास एक तास, उड्डाणापूर्वी दोन तास, विमानाचा दीड तास आणि नागपुरात सामान घेऊन घर गाठण्यास एक तास. एकूण साडेपाच तास! ताशी ८०० किलोमीटरचा वेग अखेर ११० वर येतो. तरीही रेल्वेच्या निम्म्याहून कमी वेळ लागतो, हे खरे. मुंबईचे गणित मात्र उलटते. हवाई अंतर जेमतेम १२५ किलोमीटर. पण पहिले तीन तास तेवढेच राहतात. म्हणून मुंबईला जाणारा शहाणा माणूस आजही रेल्वे किंवा द्रुतगती मार्गच पसंत करतो.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. जवळच्या प्रवासाचा वेळ आकाशात नव्हे, जमिनीवर ठरतो. चाकणजवळ विमानतळ होणार, अशी चर्चा पुष्कळ वर्षे चालली. पुढे २०१६ साली पुरंदर तालुक्याची निवड झाली. पुरंदर पुण्याच्या आग्नेयेस आणि चाकण उत्तरेस. म्हणजे कारखान्यातील कामगार वा अभियंत्याला आधी सारे पुणे शहर ओलांडावे लागणार. दुसरीकडे, ज्यांच्या अंजीर-सीताफळांच्या बागा त्या धावपट्टीखाली जायच्या आहेत, त्या शेतकऱ्यांचा विरोधही विसरता येणार नाही. त्यांच्या लेखी हे अंतर तासांचे नसून पिढ्यांचे आहे.

तेव्हा विमानतळाचा विचार करताना विमान किती वेगाने जाते, एवढेच विचारून भागत नाही. कोणाच्या दारापासून, कोणत्या रस्त्याने आणि कोणाच्या जमिनीवरून, हेही विचारले पाहिजे.