शब्दाच्या एक पाऊल पुढे

‘आईने तव्यावर भाकरी...’ एवढे ऐकताच ‘टाकली’ हा शब्द बोलणाऱ्याने उच्चारण्यापूर्वीच आपल्या मनात जागा होतो. श्रोत्याचे मन येणारे शब्द निमूटपणे वेचत बसत नाही. ते पुढच्या शब्दाचा अंदाज बांधीत चालते.

हे सिद्ध कसे करावयाचे? १९८० साली अमेरिकेत मार्टा कुटास व स्टीव्हन हिलयार्ड यांनी वाक्ये वाचणाऱ्यांच्या मेंदूतील विद्युतलहरी मोजल्या. भाकरीच्या जागी चप्पल यावी तसा विसंगत शब्द दिसला, की सुमारे ४०० मिलिसेकंदांनी एक ठळक लहर उमटे. परंतु ही लहर शब्द आल्यानंतरची. मनाने आधीच अंदाज केला होता, हे तिच्यावरून निःसंशय ठरत नाही. येथे डोळे अधिक भरवशाचे साक्षीदार ठरले. १९९९ मध्ये गेरी आल्टमन व युकी कामिदे यांनी मुलगा, केक व खेळणी असलेले चित्र समोर ठेवून इंग्रजी वाक्ये ऐकविली. इंग्रजीत क्रियापद कर्माआधी येते. ‘खाईल’ या अर्थाचे क्रियापद कानी पडले आणि ‘केक’ हा शब्द येण्याआधीच नजर केककडे वळली.

हिंदी-मराठीत क्रियापद शेवटी येते. पण विशेषण सूचना देते. ‘मोठी’ म्हणताच दरवाजा बाद होतो, खिडकी उरते. याच लिंगभेदाच्या आधारे अलाहाबादेत रमेश मिश्र व सहकाऱ्यांनी केलेला, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. विद्यापीठातील विद्यार्थ्यांची नजर नाम उच्चारण्याआधीच योग्य चित्राकडे गेली. जेमतेम शाळा पाहिलेल्या प्रौढांची नाम ऐकल्यावर गेली. भाषा दोघांचीही हिंदीच, आणि वाक्य दोघांनाही समजले. शिक्षणाने वाचनाखेरीज इतरही पुष्कळ काही मिळते, म्हणून सारे श्रेय वाचनाला देता येणार नाही. तरीही सततच्या वाचनाने अंदाजाचा सराव होतो, हे अनुमान आम्हांस पटते.

ज्या घरात पुस्तक प्रथमच आले, तेथील मूल शब्दाखाली बोट धरून अडखळत वाचते आणि शिक्षक त्याच्यावर ‘मंद’ असा शिक्का मारून मोकळे होतात. त्याच्या बुद्धीत उणे नसते; सराव मिळालेला नसतो. म्हणून आम्ही वर्गात गोष्ट वाचताना मध्येच थांबतो व पुढचा शब्द मुलांना विचारतो. ‘पाऊस पडताच शेतकरी...’ येथे पुस्तकात ‘शेतात’ असते. वऱ्हाडातील मूल ‘वावरात’ म्हणते. ते उत्तर आम्ही बरोबर धरतो.