भूकंप आला तर पळायचं की थांबायचं? उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरकरांनी घरात काय तयारी ठेवावी

महाराष्ट्रातले दोन मोठे भूकंप पहाटेच झाले. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ ला आणि किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ ला. दोन्ही वेळा माणसं अंथरुणात होती. किल्लारी परिसरात आदल्या दिवशी गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली आणि दगडमातीच्या जाड भिंती, वरचं मातीचं माळवद, सगळं झोपलेल्यांच्या अंगावर आलं. हजारो माणसं गेली. जीव घेतला तो घरांनी.

"आपल्याकडे कुठं होतोय भूकंप?" असं म्हणणारे बरेच आहेत. पण त्या वेळच्या नकाशात किल्लारीचा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. भारतीय मानक ब्यूरोच्या २००२ च्या नकाशात ठाणे जिल्हा तिसऱ्या क्षेत्रात, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आहे. शेजारच्या शहापूर तालुक्यात भातसा धरणाच्या परिसरात १९८३ मध्ये धक्के बसले होते. पालघरच्या डहाणू, तलासरीत नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची रांगच लागली. तिथे १ फेब्रुवारी २०१९ ला घाबरून बाहेर पळताना पडून दोन वर्षांच्या मुलीचा जीव गेला. म्हणून पळायचं की थांबायचं, हे आधीच ठरलेलं पाहिजे.

स्लॅबच्या इमारतीत असाल तर

पळू नका. हादरा बहुतेक वेळा काही सेकंदांचा असतो. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरणं होत नाही. जिन्यातच चेंगराचेंगरी होते. लिफ्ट तर वापरायचीच नाही. मजबूत टेबल असेल तर त्याखाली बसा आणि पाय घट्ट धरा. टेबल नसेल तर खिडकी, कपाटापासून लांब, आतल्या भिंतीलगत उकिडवे बसून उशीने डोकं झाका. झोपेत असाल तर पलंगावरच पालथे होऊन डोक्यावर उशी घ्या. हादरा थांबला की चप्पल घालून, जिन्याने, सावकाश उतरा. फुटलेल्या काचेने पाय कापून घेणारे पुष्कळ असतात.

कौलारू घर, बराक किंवा पत्र्याची चाळ असेल तर

तळमजल्यावर, दाराच्या अगदी जवळ असाल आणि समोर मोकळं अंगण असेल तरच बाहेर पडा. लहान मूल कडेवर घ्या. घराच्या आत लांब असाल तर आहात तिथेच डोकं झाका. गल्ली अरुंद असेल तर बाहेर पडूनही वरून कौलं, विटा, पत्रे अंगावर येऊ शकतात. मोकळ्यावर गेल्यावर विजेच्या तारा, खांब, झाड आणि कंपाउंडची भिंत यांच्यापासून लांब थांबा.

आजच करायची कामं

झोपायच्या जागी वर काय आहे ते बघा. डोक्यावर फोटोची जड चौकट, फळीवर पितळी भांडी, माळ्यावर भाताची पोती असतील तर ती हलवा. लोखंडी कपाट आणि शोकेस पट्टी, स्क्रूने भिंतीला पक्की करा. सिलिंडर उभा आणि साखळीने बांधलेला असावा. गॅसचा रेग्युलेटर आणि लाइटचा मेन स्विच बंद करायला घरातल्या मोठ्या मुलांनाही शिकवा.

एका पिशवीत बॅटरी, शिट्टी, पाणी, रोजची औषधं, थोडे रोख पैसे आणि रेशन कार्ड, आधार, सातबारा यांच्या प्रती प्लास्टिकमध्ये घालून दाराजवळ टांगा. घरचे पांगले तर कुठे भेटायचं ते ठरवा: मैदान, देवळासमोरचं पटांगण, खळं. गावात गोठ्यातल्या जनावरांचं दावं एका ओढीत सुटेल अशा गाठीने बांधा.

इमारतच कच्ची असेल तर?

उल्हासनगरला हे वेगळं सांगायला नको. मे २०२१ मध्ये एकाच महिन्यात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसं गेली. तेव्हा भूकंप झालेला नव्हता. अशा इमारतीत टेबलाखाली बसून किती वाचणार? ३० वर्षांवरच्या इमारतीची तपासणी म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट करून घेणं महापालिका कायद्याने बंधनकारक आहे. सळई उघडी पडलीय, स्लॅब गळतोय, पिलरला तडे गेलेत, तर वरून प्लास्टर मारून झाकू नका. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढा, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मधली भिंत पाडून हॉल मोठा करायचा असेल तर आधी इंजिनिअरला विचारा.

हादरा थांबल्यावर

गॅसचा वास आला तर काडी ओढू नका, लाइटचं बटणही दाबू नका. खिडक्या उघडून बाहेर पडा. एमआयडीसीजवळ राहणाऱ्यांना उग्र वास आला तर ओलं फडकं नाकाला लावून वाऱ्याच्या आडव्या दिशेने लांब जावं. मागाहून छोटे धक्के येतात, त्यामुळे तडे गेलेल्या घरात सामान आणायलाही शिरू नका. ढिगाऱ्यात अडकलात तर ओरडून दम घालवू नका, शिट्टी वाजवा किंवा पाइपावर ठोका.

मदतीसाठी ११२, अग्निशमन १०१, रुग्णवाहिका १०८ आणि जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७. हे नंबर दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. आणि डोक्यावरची फळी आज रात्री झोपायच्या आत रिकामी करा.