वायफाय जोडलंय, पण नेट नाही? आधी आयपी बघा

माजलगावात जुन्या लॅपटॉपवर उबंटू किंवा मिंट टाकून अभ्यास करणाऱ्या दोस्तांनो, वायफायचं चिन्ह नुसतं फिरत राहिलं म्हणून लगेच लिनक्स उडवू नका. नेटवर्कची नावं दिसतायत ना? मग वायफाय कार्ड बहुतेक ठीक आहे, घोळ आयपी पत्त्याचा असू शकतो.

टर्मिनल उघडा, आयपी, मग स्पेस, मग ए टाइप करून एंटर मारा. 'डब्ल्यूएल'नं सुरू होणाऱ्या नावाखाली 'इनेट'ची ओळ शोधा. ती नसेल तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. नेटवर्क मॅनेजर सहसा ४५ सेकंद वाट बघतो आणि नाद सोडतो. १६९.२५४ नं सुरू होणारा आकडा दिसला तर तो लॅपटॉपनं स्वतःच घेतलेला आहे, त्यावर इंटरनेट चालत नाही.

सगळ्यात फसवा प्रकार हातानं भरलेल्या पत्त्याचा. राउटर बदलला, नाव-पासवर्ड तेच ठेवलं; पण जुना १९२.१६८.०.२० लॅपटॉपमध्ये तसाच, आणि नवा राउटर चालतो १९२.१६८.१ वर. जोडलेलं दिसतं, पान मात्र उघडत नाही. वायफाय सेटिंगमध्ये त्या नेटवर्कच्या आयपीव्ही४ मध्ये 'मॅन्युअल' काढून 'ऑटोमॅटिक (डीएचसीपी)' करा, वायफाय बंद-चालू करा.

पत्ता नीट आहे, तरी अडलंय? ८.८.८.८ ला पिंग करा. उत्तर आलं तर दोष बहुतेक डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधणाऱ्या सेवेचा.

एवढं करूनही जमलं नाही तर 'इनेट'च्या ओळीचा फोटो मला पाठवा, मिळून बघू.