फुकटची डिश आणि साखरेचे चूर्ण

सोलापूरच्या पूर्वभागात किंवा कुंभारीच्या विडी घरकुलात शिरले की आधी दिसतात त्या पत्र्यांवर आणि गच्च्यांवर बसवलेल्या छोट्या छत्र्या. कुठे सिमेंटच्या ठोकळ्यात रोवलेली, कुठे विटांच्या दाबाने उभी केलेली, कुठे जुन्या सायकलच्या ट्यूबने कठड्याला आवळलेली. त्यातली जी छत्री दूरदर्शनच्या फ्री डिशची असेल, तिचे तोंड आग्नेयेला असते. तिचे रिचार्ज नसते, मासिक बिल नसते. छत्री, सेट-टॉप बॉक्स आणि वायर यांचे पैसे एकदा मोजले की झाले.

ही सेवा १६ डिसेंबर २००४ रोजी ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झाली. ‘फ्री डिश’ हे नाव नंतरचे. हातावर पोट असलेल्या घरात टीव्ही पोचला तो बऱ्याच अंशी हिच्यामुळे. त्यामुळे तिच्याविषयीचे प्रश्न दवाखान्यातही येतात. सर्वांत नेहमीचा प्रश्न सुनेच्या किंवा लेकीच्या काळजीपोटी सासू किंवा आई विचारते: ‘घरावर डिश आहे, पोरगी गरोदर आहे, त्याच्या किरणांनी बाळाला काही होईल का?’

या प्रश्नाचे उत्तर समजून घ्यायचे तर छत्री काय करते ते पाहावे लागेल. जीसॅट-१५ हा उपग्रह नोव्हेंबर २०१५ मध्ये अवकाशात गेला. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर तो असतो. पृथ्वी स्वतःभोवती जितक्या वेळात फिरते तितक्याच वेळात तो पृथ्वीला फेरी मारतो, म्हणून जमिनीवरून पाहणाऱ्याला तो एकाच जागी टांगल्यासारखा असतो. सोलापूर आहे ७५.९ अंश रेखांशावर आणि विषुववृत्ताच्या उत्तरेला. साहजिकच इथून तो दक्षिण-पूर्वेला पडतो. गणित मांडले तर क्षितिजापासून सुमारे ६१ अंश वर, जवळजवळ बरोबर आग्नेयेला. छत्रीचे तोंड तितके वर वळलेले दिसत नाही, कारण या छत्र्या मुळातच तिरप्या बनवलेल्या असतात आणि पुढे आलेल्या दांडीवरचा एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असतो.

दिल्लीहून वर पाठवलेले चित्र उपग्रह परत खाली सोडतो, तेव्हा ते साऱ्या देशावर पसरते. सोलापूरपर्यंत साडेछत्तीस हजार किलोमीटर अंतर कापून आलेली ही शक्ती इतकी विरळ झालेली असते की दोन फुटांच्या छत्रीत एका वॉटच्या अब्जाव्या भागाचाही काही हजारावा भाग एवढीच गोळा होते. छत्री ती एलएनबीच्या तोंडाशी एकवटते, एलएनबी तिला वाढवून वायरने खाली धाडतो. छत्री घेते, फेकत काहीच नाही. ती नसती तरी त्याच लहरी त्याच पत्र्यावर, त्याच अंगणात पडतच होत्या. शिवाय त्या पेशींना इजा करणाऱ्या क्ष-किरणांच्या जातीच्या नव्हेत. तेव्हा गरोदर बाईने छत्रीखाली झोपावे, बसावे, वाळवण घालावे. बाळाला धोका असेल तर तो तिच्या अंगातले रक्त कमी असण्याचा आहे, आणि घरात तंबाखूची भुकटी उडत असेल तर तिचा आहे.

खरा धोका छत्रीत नाही, छत्रीकडे जाण्याच्या वाटेत आहे. वळवाचे वारे सुटले की छत्री हलते, पडद्यावर ‘सिग्नल नाही’ असे येते आणि घरातला मुलगा पत्र्यावर चढतो. जुना सिमेंटचा पत्रा माणसाच्या वजनाने फुटतो हे त्याच्या लक्षात येत नाही. मणक्याला मार बसून कमरेखालचे अंग कायमचे लुळे पडायला दहा-बारा फुटांची उंची पुरते. त्यातच गल्लीतून जाणाऱ्या विजेच्या तारा हाताच्या अंतरावर असतात. लोखंडी नळीवर छत्री उभी करताना ती नळी अकरा हजार व्होल्टच्या तारेला टेकली तर दुसरी संधी मिळत नाही. छत्री हलवण्याचे काम दोघांनी, दिवसाउजेडी, पत्र्याखालच्या वाशावर पाय ठेवून करावे, आणि आभाळ गडगडत असेल तर मुळीच करू नये. पावसाच्या जोरात चित्र गेले तर वर चढायची गरजच नसते. या लहरींची लांबी जेमतेम पावणेतीन सेंटिमीटर असते. मोठे थेंब त्या शोषतात आणि विखुरतात. सर ओसरली की चित्र आपोआप येते. आपला जिल्हा कमी पावसाचा, त्यामुळे हा त्रास कोकणापेक्षा इथे कमीच.

चित्र जाण्याचे आणखी एक गमतीदार कारण आहे. दरवर्षी १२ मार्चच्या आसपास सकाळी सव्वाअकराच्या सुमाराला आणि १ ऑक्टोबरच्या आसपास अकराला पाच-दहा मिनिटे कमी असताना सोलापुरातून पाहिले तर सूर्य बरोबर या उपग्रहाच्या मागे येतो. सूर्याचा स्वतःचा रेडिओ गोंगाट छत्रीत शिरतो आणि काही दिवस, रोज काही मिनिटे चित्र फाटते. बॉक्स बिघडला असे समजून दुरुस्तीला नेणारेही असतात. याचा उपयोगही करून घेता येतो. नवी छत्री बसवायची असेल तर त्या दिवशी त्या वेळी जिथे ऊन पडते तिथून उपग्रह दिसतो. जिथे झाडाची वा शेजारच्या इमारतीची सावली आहे, तिथे कितीही फिरवाफिरव केली तरी व्यर्थ.

उपग्रहावरून थेट गावातल्या छत्रीत चित्र उतरवण्याचा प्रयोग आपल्या शेजारीच, पन्नास वर्षांपूर्वी झालेला आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह उसना घेऊन भारताने ‘साइट’ नावाचा प्रयोग केला. सहा राज्यांतली सुमारे २,४०० गावे त्यात होती आणि कर्नाटकातली गावे निवडली होती विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर या जिल्ह्यांतून. म्हणजे सोलापूरच्या सीमेपलीकडे संध्याकाळी गाव एका टीव्हीसमोर जमून शेती, आरोग्य, स्वच्छता आणि कुटुंबनियोजन यांवरचे कार्यक्रम पाहत होते. त्या छत्र्या तीन मीटर रुंदीच्या आणि कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या होत्या. त्या वेळच्या लहरींची लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर, त्यामुळे जाळीची भोके त्यांना भिंतीसारखीच वाटत. आजच्या आखूड लहरींना गुळगुळीत पत्रा लागतो, पण छत्री दोन फुटांत भागते. प्रयोगानंतरच्या पाहणीत आरोग्याच्या माहितीत पडलेली भर विशेषकरून स्त्रियांत आणि निरक्षरांत दिसली होती. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांना पडद्याने काही दिले, ही त्या प्रयोगाची कमाई.

तीच ताकद आजही आहे. जुलै २०२० मध्ये शाळा बंद असताना पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सह्याद्री वाहिनीवरून दाखवली गेली. ज्या घरात स्मार्टफोन एकच आणि तोही बापाच्या खिशात, त्या घरातल्या मुलांपर्यंत छत्रीतून शाळा पोचली. त्याआधी २०१७ पासून ‘स्वयंप्रभा’च्या शैक्षणिक वाहिन्याही उपग्रहावरून मोफत मिळू लागल्या होत्या. त्या पाहणारे मात्र कमी. रिमोट तिथपर्यंत पोचत नाही.

रिमोट जिथे थांबतो तिथली गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. प्रेक्षक पैसे देत नाही, मग देतो कोण? फ्री डिशवर जागा मिळवण्यासाठी खासगी वाहिन्या लिलावात बोली लावतात, पैसे भरतात आणि ते जाहिरातींतून वसूल करतात. म्हणजे इथे विकले जाते ते प्रेक्षकाचे लक्ष. साबण, चहा, बिस्किटे यांच्या जाहिरातींनी कुणाचे फारसे बिघडत नाही. बिघडते ते दुपारी किंवा रात्री उशिरा चालणाऱ्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या जाहिरातींनी. कार्यक्रमासारखीच मांडणी, पांढरा कोट घातलेला एक गृहस्थ, रडून मग हसणारी एक बाई आणि खाली फोन नंबर. गुडघेदुखी पंधरा दिवसांत जाईल, साखर मुळापासून जाईल, गोळ्या कायमच्या सुटतील. (हा रोग फक्त फ्री डिशचा नाही, केबल, मोबाइल आणि वर्तमानपत्रेही त्यातून सुटलेली नाहीत.)

दिवसभर मांडी घालून विड्या वळणाऱ्या बाईला हे ऐकावेसे का वाटते, हे समजण्यासारखे आहे. हात कामात, कान टीव्हीकडे. दवाखान्यात गेले तर अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते. गुडघे तर दुखतातच. आणि मधुमेहाच्या गोळ्या ‘आयुष्यभर’ घ्यायच्या हे वाक्य कुणालाच गोड लागत नाही. पडद्यावरचा माणूस मात्र तिच्याशी अर्धा तास बोलतो. ओपीडीतला डॉक्टर तीन मिनिटेही बोलत नाही, ही तक्रार खरी आहे, आणि जाहिरातवाल्यांना ती ठाऊक आहे.

गोळ्या बंद करून चूर्ण सुरू केल्यावर पुढे काय होते ते व्यक्तीगणिक वेगळे असते. मोठ्या वयात झालेल्या, टाइप-२ मधुमेहात पहिले काही आठवडे काहीच होत नाही. साखर अडीचशे-तीनशेवर गेली तरी माणूस चालतो, बोलतो, जेवतो. फार तर रात्री लघवीला दोनदा जास्त उठतो. त्यालाच वाटते, ‘चूर्ण लागू पडले.’ दरम्यान डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड आणि पायांच्या नसा झिजत असतात. पायाला चप्पल लागून झालेली जखम दुखत नाही म्हणून दुर्लक्षिली जाते आणि मग बोट किंवा पाऊल कापायची वेळ येते. लहान वयातल्या, टाइप-१ मधुमेहात इतका अवधी मिळत नाही. तिथे शरीर इन्सुलिन जवळजवळ तयारच करत नाही. बाहेरून मिळणारे इन्सुलिन बंद केले की एक-दोन दिवसांत रक्त आम्लधर्मी होऊ लागते. उलट्या, पोटदुखी, खोल आणि जलद श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास, मग बेशुद्धी. हे मूल त्याच दिवशी रुग्णालयात पोचले नाही तर दगावू शकते. ‘इन्सुलिनची सवय लागते’ हे वाक्य जिथे ऐकू येईल तिथे टीव्ही बंद करावा. इन्सुलिनची सवय जन्मापासून प्रत्येकाला असते.

सांधेदुखीच्या चूर्णांचे दुखणे आणखी निराळे. अशा काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळल्याचे वैद्यकीय नियतकालिकांत वेळोवेळी नोंदले गेले आहे. स्टेरॉइडने दुखणे दोन दिवसांत पळते, भूक वाढते, चेहरा भरतो, घरचे म्हणतात तब्येत सुधारली. पण साखर आणि रक्तदाब वाढतात, हाडे ठिसूळ होतात, आणि शरीर स्वतःचे स्टेरॉइड बनवणे थांबवते. मग ती पुडी अचानक बंद केली तरी धोका: रक्तदाब कोसळून माणूस खाली पडतो. म्हणून अशी पुडी महिनोन्महिने चालू असेल तर ती रागाने फेकून देऊ नये. डॉक्टरांना दाखवून त्यांच्या सल्ल्याने थांबवावी.

कायदा नाही असे नाही. ‘औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती)’ हा कायदा १९५४ पासून आहे. त्याच्या यादीत मधुमेह, रक्तदाब, कर्करोग, मोतीबिंदू, लकवा, संधिवात, लठ्ठपणा, वंध्यत्व, अगदी उंची वाढवण्यापर्यंत ५४ गोष्टी आहेत. त्या बऱ्या करण्याचा दावा करणारी जाहिरातच देता येत नाही; औषध कोणत्या पॅथीचे, हा प्रश्न तिथे येत नाही. टीव्हीच्या जाहिरात-संहितेतही चमत्कारी गुणांचे दावे करायला बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पण जाहिरात रात्री अकराला लागते, फोन परराज्यात वाजतो, पार्सल पोस्टाने येते, आणि तक्रार कुणीच करत नाही. फसलेल्या माणसाला चुकल्यासारखे वाटते, म्हणून तो गप्प बसतो.

तक्रार करणे अवघड नाही. वाहिनीचे नाव, तारीख, वेळ, औषधाचे नाव आणि केलेला दावा एका कागदावर लिहावा; मोबाइलवर पडद्याचा फोटो काढला तर उत्तम. तो अर्ज अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात देता येतो; जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलकडेही ऑनलाइन तक्रार नोंदवता येते. औषध आधीच घेतले असेल तर बाटली, पुडी, वरचे लेबल आणि पार्सलची पावती जपून ठेवावी. आणि ओपीडीत येताना, डॉक्टर रागावतील म्हणून लपवून न ठेवता, ती पिशवीत घालून सोबत आणावी. पुडीत काय असू शकते याचा अंदाज आला की कोणती तपासणी आधी करायची, आणि पुडी एकदम थांबवायची की हळूहळू, हे ठरवता येते.