'सुटली का?' याच्या पुढचे प्रश्न

दर वर्षी देणग्यांसाठी फोन करायला बसलो की आम्हांला एक अनुभव हमखास येतो. शाळा, दवाखाना, पाण्याची टाकी म्हटलं की समोरचा माणूस लगेच "किती लिहू?" म्हणतो. व्यसनमुक्तीचं नाव काढलं की मात्र दोन सेकंद शांतता, आणि मग प्रश्न येतो, "शंभरातले किती सुटतात हो?"

प्रश्न रास्त आहे. घामाचे डॉलर देणाऱ्याला हिशेब विचारायचा हक्क आहेच. आमच्यापैकी बहुतेक जण सॉफ्टवेअरवाले, आकडा दिसल्याशिवाय आम्हांलाही चैन पडत नाही. म्हणून गेल्या हिवाळ्यात आम्ही या आकड्याच्या मागे लागलो, आणि वाचता वाचता लक्षात आलं की आपण चुकीची गोष्ट मोजायला सांगतोय. सर्व्हर चालू आहे एवढ्यावरून गिऱ्हाइकाचं काम होतंय असं आपण ऑफिसात कधी म्हणतो का?

आधी विषय थोडा स्पष्ट करू. ओपिऑइड म्हणजे अफूच्या कुळातले पदार्थ. मॉर्फिन, हेरॉइन, आपल्याकडे 'गर्द' म्हणून ओळखली जाणारी ब्राउन शुगर, आणि इथे अमेरिकेत डॉक्टरांनीच लिहून दिलेल्या ऑक्सिकोडोनसारख्या वेदनाशामक गोळ्या. आता त्यांत फेंटानिलची भर पडली आहे. 2023 साली अमेरिकेत ड्रगच्या ओव्हरडोसने एक लाखाहून जास्त माणसं गेली, त्यांतली सुमारे तीन चतुर्थांश ओपिऑइडमुळे. भारतात 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार ओपिऑइडच्या त्रासासाठी मदतीची गरज असलेले लोक सुमारे 77 लाख होते.

पुणेकरांना हे नवीन नाही. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द आली, चांदीच्या कागदावर जाळून तिचा धूर ओढणारी कॉलेजची पोरं दिसू लागली. अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. त्यातून 29 ऑगस्ट 1986 रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू झालं. डॉ. अनिता अवचट, म्हणजे सर्वांच्या सुनंदाताई, त्याच्या संस्थापक. तिथे मारहाण नाही, माणूस पुन्हा घसरून आला तरी दार उघडं. गर्द बंद केल्यावर होणाऱ्या हालांना, म्हणजे अंगदुखी, उलट्या, जुलाब, रात्ररात्र तळमळ, ही पोरं 'टर्की' म्हणतात. ती काही दिवसांत ओसरते. खरं काम त्यानंतर सुरू होतं. देणगीदार मात्र टर्की संपली की "सुटला" म्हणून टिकमार्क करून मोकळा होतो!

यात नुसता हिशेबाचा घोटाळा नाही, जिवाचा धोका आहे. काही आठवडे पदार्थ बंद राहिला की शरीराची सवय मोडते. मग एखाद्या दिवशी माणसाने जुन्या मापाने घेतलं तर तोच डोस जीव घेतो. म्हणजे केंद्रातून बाहेर पडताना 'यशस्वी' म्हणून नोंदलेला मुलगा त्या दिवशी सगळ्यांत जास्त धोक्यात असू शकतो. शिवाय केंद्राला फक्त सुटलेले मोजायला लावलं तर सोपे रुग्ण घ्यायचा आणि अवघड परत पाठवायचा मोह कुणालाही होईल.

मग मोजायचं काय? 1964 साली न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मेरी निसवँडर या डॉक्टरांनी हेरॉइनच्या 22 रुग्णांना मेथाडोन तोंडाने द्यायला सुरुवात केली. मेथाडोनही ओपिऑइडच, पण संथ. तल्लफ शमते, झिंग येत नाही. त्यांच्या पहिल्याच निबंधात यश कशाला म्हटलंय पाहा : रुग्ण पुन्हा शाळेत गेले, नोकरीला लागले, घरच्यांशी त्यांचा समेट झाला. जीवनमान मोजण्याचा विचार त्यात आहेच, फक्त तेव्हा त्याला प्रश्नावली नव्हती.

ती पुढे जागतिक आरोग्य संघटनेने केली. जगभरच्या 15 केंद्रांनी मिळून आधी शंभर प्रश्नांची आणि मग 26 प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. या केंद्रांत दिल्ली आणि चेन्नईही होती, म्हणजे हे गोऱ्यांनी गोऱ्यांसाठी केलेलं माप नाही. हिंदी आवृत्तीचं काम 1998 मध्ये प्रसिद्धही झालं. मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात, उत्तर 1 ते 5. पहिले दोन प्रश्न एकंदर आयुष्य आणि तब्येतीबद्दलचे. उरलेले चार गटांत : शरीराचे 7, मनाचे 6, नात्यांचे 3 आणि परिसराचे 8. झोप कशी लागते? आयुष्याला काही अर्थ वाटतो का? मित्रांचा आधार कितपत? गरजेपुरते पैसे आहेत का? राहत्या जागेबद्दल समाधानी आहात का? आणि उत्तर ज्याचं त्याने द्यायचं. बापाने नाही, डॉक्टरने नाही.

हिशेब आपल्याला आवडेल असाच आहे. नात्यांच्या तीन प्रश्नांना समजा 2, 3, 2 अशी उत्तरं आली. सरासरी 2.33. प्रत्येक गट शंभराच्या पट्टीवर आणला की हे होतात 33. वर्षाने त्याच मुलाने 4, 3, 4 म्हटलं तर 67. मधल्या काळात तो एकदा घसरला असेल, पण हा फरक 'सुटला / नाही सुटला' या दोन रकान्यांत कुठे दिसणार?

अर्थात हेही माप काही देवाने दिलेलं नाही. त्यात एक प्रश्न असा : रोजचं आयुष्य चालवायला औषधोपचाराची किती गरज लागते? जितकी जास्त, तितके गुण कमी. म्हणजे मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन रोज घेऊन ज्याची गाडी रुळावर आली, त्याचे त्या गोळीपायीच गुण कापले जाणार! कोडमधला असा बग आम्ही लगेच पकडला असता. नात्यांच्या तीनमधला एक प्रश्न लैंगिक आयुष्याचा आहे. तो आपल्याकडे किती जण प्रामाणिकपणे भरतील, तुम्हीच सांगा. दुसरी एक प्रसिद्ध प्रश्नावली तर पाचच गोष्टी विचारते : चालणं, स्वतःचं आवरणं, नेहमीची कामं, दुखणं आणि चिंता. पंचविशीतला गर्दुल्ला चालतोही आणि अंघोळही करतो. त्याचं काय बिघडलंय ते तिथल्या पहिल्या दोन प्रश्नांना कळायचंच नाही.

बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातल्या जेसिका दे मायर आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. ओपिऑइडच्या आहारी गेलेल्यांचं जीवनमान इतरांपेक्षा खालचं, विशेषतः मनाच्या बाबतीत. मेथाडोनसारख्या उपचाराने पहिल्या काही महिन्यांत ते सुधारतं. मेथाडोन सुरू होऊन किमान पाच वर्षं झालेल्यांचाही त्यांनी वेगळा अभ्यास केला. त्यांच्या जीवनमानाला हातभार लावणाऱ्या दोन गोष्टी सापडल्या : निदान एक चांगला मित्र, आणि दिवसाला काहीतरी ठरलेलं काम. हे वाचून आम्ही जरा गप्पच झालो. मित्र कुठल्या फार्मसीत मिळणार?

इथे एका घराची गोष्ट सांगतो. त्यांच्या परवानगीने, नाव-गाव गाळून. आपल्यातलंच मराठी कुटुंब. मुलाला कॉलेजात खेळताना दुखापत झाली, ऑपरेशन झालं, वेदनेच्या गोळ्या मिळाल्या, आणि पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. दोन वेळा रिहॅब, दोन्ही वेळा पुन्हा घसरला. आता तो ब्युप्रेनॉर्फिनवर आहे, रोज जिभेखाली ठेवायचं औषध. अमेरिकेत 2002 पासून त्याला मान्यता आहे, आणि ते लिहून देण्यासाठी डॉक्टरांना लागणारा खास परवाना 2022 च्या शेवटी झालेल्या कायद्याने रद्द झाला. बाबांना विचारलं तर ते खाली बघून म्हणतात, "अजून सुटलेला नाही, गोळीवर आहे." आई म्हणाल्या, "अहो, यंदा गणपतीला आला. पंगतीत बसला, शेवटपर्यंत थांबला, भांडी घासू लागला. गेल्या महिन्यात त्याने मला सिनेमाला नेलं, तिकिटं स्वतःच्या पैशाने काढली."

आईंनी एका दमात नाती, परिसर आणि पैसे असे तीन विषय मोजले. बाबांनी मोजला तो एकच, आणि त्यात मुलगा नापास. दोघं एकाच घरात राहतात, मुलगा दोघांचाही आहे, आणि या दोन हिशेबांपायी जेवणाच्या टेबलावर अजूनही वाद होतात.

म्हणून यंदा मदतीच्या अर्जात आम्ही बदल केलाय. 'बरे झालेल्यांची संख्या' हा रकाना ठेवलाय, पण त्यावर निर्णय घेणार नाही. दाखल होताना, तीन महिन्यांनी आणि वर्षाने अशी तीनदा प्रश्नावली भरून घ्या, घसरलेल्यांचीही भरा, संपर्क तुटलेले किती आणि वारलेले किती ते वेगळं लिहा, असं केंद्रांना कळवलंय. चारही गटांचे गुण वेगवेगळे द्यायचे, एकत्र बेरीज नको. कारण 'मन' वर आणि 'परिसर' खाली असेल तर समुपदेशनापेक्षा त्याला भाड्याच्या खोलीची गरज आहे, हे बेरजेत बुडून जातं. औषधाच्या प्रश्नाचं उत्तर बाजूला काढून दाखवा, असंही सांगितलंय.

एका केंद्राने लगेच उलट विचारलं, हे फॉर्म भरून घ्यायला, वर्षाने त्या मुलांना शोधून काढायला माणूस कुठून आणू? प्रश्न बरोबर होता. वर्षभराने गावोगाव फोन लावत बसणं हे पूर्ण वेळेचं काम आहे, आणि 'प्रशासकीय खर्च' म्हणून देणगीदार नेमकं त्यालाच नाक मुरडतात. तेव्हा यंदाच्या निधीतून अशा एका माणसाचा पगार द्यायचं कमिटीने ठरवलंय. सोबतच्या फॉर्मवर त्याच्यासाठी वेगळी चौकट आहे, शाळेच्या आणि दवाखान्याच्या चौकटीखाली.