आमरीचें फूल

आंब्याच्या खोडावर वाढणाऱ्या ‘सीतेची वेणी’ या आमरीस आमचे पुष्कळ कृषिबंधु बांडगूळ समजून कोयत्यानें खरवडून टाकितात. ही मोठी चूक होय. बांडगूळ फांदींत मुळें घुसवून झाडाचा रस शोषितें. आमरी सालीस केवळ बिलगून राहते व पावसाचें पाणी, हवेंतील ओलावा आणि सालीवरील कुजका पाला यांवर पोसते.

आम्हीं प्रथम ती कुंडींत मातींत लाविली, वर शेणखतही घातलें. महिन्याभरांत मुळें कुजलीं. खतावण्यांत जन्म घालविलेल्या माणसाचें खताचें ज्ञान तें एवढेंच!

पुढें वादळानें मोडलेल्या फांदीवरचें दुसरें रोप परसांतील आंब्यास काथ्यानें बांधिलें. मुळें उघडींच ठेविलीं. सकाळचें कोंवळें ऊन व दुपारीं विरळ सावली हवी. दाट सावलींत नुसतीं पानें वाढतात, फूल येत नाहीं. उन्हाळ्यांत रोज सकाळीं पाणी शिंपडावें, हिंवाळ्यांत अगदीं बेतानें. रोप वारंवार हलवूं नये. तिसऱ्या वर्षीं ज्येष्ठांत पांढऱ्या-जांभळ्या फुलांची वीतभर वेणी लोंबली. रानांतील झाडांवरून मात्र रोपें ओरबाडूं नयेत. पडलेली फांदी पुरे होते.